तुघलकाबाद : शाप आणि पाणी

तुघलक हे नाव मराठी भाषेत एका विशेषणाच्या रूपाने वावरते. अविचाराने घेतलेल्या, लहरी निर्णयाला आपण ‘तुघलकी निर्णय’ म्हणतो. ज्यांना या घराण्याचा इतिहास ठाऊक नाही, त्यांच्याही तोंडी हा शब्द सहज येतो. दुसरा एक वाक्प्रचार याच घराण्याच्या काळाशी जोडलेला आहे. काम पूर्ण व्हायला बराच अवकाश आहे, असे सांगताना आपण ‘दिल्ली अजून दूर आहे’ असे म्हणतो. लहरीपणाचे विशेषण महंमद तुघलकाने मिळवले, तर दूरच्या दिल्लीचा वाक्प्रचार त्याच्या पित्याच्या, गियासुद्दीन तुघलकाच्या कथेतून आला, असे परंपरा मानते. आणि त्या पित्याने बांधलेला किल्ला दिल्लीच्या दक्षिणेस, मेहरौलीहून बदरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खडकाळ टेकडीवर आजही उभा आहे.

हा किल्ला पाहण्यास येणाऱ्या माणसाला बहुधा पहिली गोष्ट सांगितली जाते ती शापाची. हजरत निजामुद्दीन अवलिया या सूफी संताने ‘हे नगर ओसाड पडेल, नाहीतर येथे गुज्जर राहतील’ असा शाप दिला आणि म्हणून किल्ला उजाड झाला, अशी ती कथा. ती ऐकायला सोपी आहे, लक्षात राहणारी आहे आणि सांगणाऱ्याला श्रोता हमखास मिळवून देते. माझा आक्षेप तिच्या सोपेपणालाच आहे. शाप म्हटला की विचार संपतो. एवढा मोठा किल्ला कोणी बांधला, त्यातील माणसे पाणी कोठून आणीत आणि ती का निघून गेली, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही. या प्रश्नांची उत्तरे देण्यास तेथील दगड पुरेसे बोलके आहेत.

प्रथम बांधणाऱ्याकडे पाहू. गाजी मलिक हा दिल्लीच्या सुलतानांचा सरहद्दीवरील सरदार होता. पंजाबातील दीपालपूर येथे राहून त्याने मंगोलांच्या स्वाऱ्यांना अनेक वर्षे तोंड दिले. त्याने मंगोलांशी एकोणतीस वेळा झुंज दिल्याचा लेख आपण मुलतानच्या मशिदीत पाहिला, असे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे. १३२० मध्ये खुसरो खानाचा पराभव करून गाजी मलिक गियासुद्दीन तुघलक या नावाने तख्तावर बसला. इब्न बतूता एक मजेदार आख्यायिकाही देतो. या टेकडीवर नगर वसवावे, असे गाजी मलिकाने पूर्वी आपल्या धन्याला, खलजी सुलतानाला सुचवले होते. तेव्हा सुलतान थट्टेने म्हणाला, ‘तू सुलतान होशील तेव्हा वसव.’ आख्यायिका खरी असो वा नसो, सत्ता हाती येताच त्याने बांधकाम सुरू केले आणि सुमारे चार वर्षांत, १३२१ ते १३२५ च्या दरम्यान, तुघलकाबाद उभे राहिले.

जागेची निवड सैनिकाची आहे. अरवली पर्वताची शेवटची टोके दिल्लीत शिरतात, त्यांपैकी एका टेकडीवर हा किल्ला आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची उंची डोळ्यांसमोर ठेवून कोणी येथे आला, तर त्याची निराशा होईल. ही टेकडी म्हणजे आपल्याकडच्या डोंगराच्या मानाने उंचवटाच. परंतु सपाट प्रदेशात थोडी उंचीही मोलाची असते. १३०३ मध्ये मंगोलांनी दिल्लीला वेढा घातला होता आणि अलाउद्दीन खलजीला सीरीच्या छावणीत अडकून पडावे लागले होते. ती आठवण गाजी मलिकाच्या पिढीला ताजी होती.

तटबंदी पाहिल्यावर सर्वांत आधी जाणवतो तो तिचा उतार. भिंत सरळ उभी नाही. पायथ्याशी रुंद आणि वर निमुळती होत जाते. तटाची उंची ठिकठिकाणी दहा ते पंधरा मीटर असून घेर सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. आत दगडगोट्यांचा भराव आणि बाहेरून प्रचंड, ओबडधोबड चिरे, अशी ही रचना. ठरावीक अंतरावर गोलाकार बुरूज आहेत, वर चर्या आहेत आणि बाण सोडण्यासाठी जंग्या ठेवल्या आहेत. दगड याच टेकड्यांतला, अतिशय कठीण. त्यावर नक्षी कोरण्याचा प्रयत्नही कोणी केलेला दिसत नाही.

भिंतीला हा उतार का दिला असावा? दगडी भिंतीला एवढा उतार देण्याची नेहमीच गरज असते असे नाही. मातीची किंवा विटांची जाड भिंत मात्र खाली रुंद आणि वर अरुंद ठेवावी लागते. नाहीतर ती ढासळते. मुलतान आणि दीपालपूर हा विटामातीच्या बांधकामाचा प्रदेश. तेथे आयुष्य घालवलेल्या माणसाने आणि त्याच्या कारागिरांनी ती सवय दिल्लीच्या कातळावर आणली, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटते. माणूस गाव बदलतो, पण भिंत उभी करण्याची रीत बरोबर घेऊन जातो. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गवंड्याच्या हातचे काम पाहिले तर आजही हे दिसते.

किल्ल्याचे तीन भाग आहेत. दक्षिणेकडील दरवाजातून आत गेल्यावर उजव्या हाताला बालेकिल्ला लागतो. त्यात विजयमंडल नावाच्या बुरुजाचे अवशेष आणि जमिनीखालील लांब मार्ग व खोल्या आहेत. डाव्या हाताला राजवाड्यांचा विस्तीर्ण परिसर होता. उत्तरेकडे नगर होते. तेथील रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत असल्याच्या खुणा अजून सापडतात. किल्ल्याला बावन्न दरवाजे होते, असे लोक सांगतात. आज तेरा दाखवता येतात. इब्न बतूता १३३४ मध्ये दिल्लीत आला. येथील महालावर सोन्याचा मुलामा दिलेल्या विटा होत्या आणि ऊन पडले की त्यांच्याकडे पाहवत नसे, असे वर्णन त्याने केले आहे. त्या झगमगाटाचा मागमूस आज राहिलेला नाही. बाभळी, गवत, कोसळलेल्या कमानी आणि मधूनच दिसणारी वानरे, एवढेच काय ते उरले आहे.

टिकून राहिली ती सुलतानाची कबर. किल्ल्याच्या दक्षिणेला, रस्त्याच्या पलीकडे, पंचकोनी तटाने वेढलेल्या एका छोट्या गढीत ती आहे. तांबड्या वालुकाश्माच्या उतरत्या भिंती, त्यांवर संगमरवराचे पट्टे आणि पांढराशुभ्र घुमट. घुमटाच्या शिखरावर आमलक व कलश यांची आठवण करून देणारा भाग आहे. दारावर कमान आहे आणि त्या कमानीखाली आडवी दगडी तुळईही आहे. कमानीची विद्या बाहेरून आली, तुळईची येथली होती. येथील पाथरवटांनी दोन्ही एकत्र बसवल्या. कमान असताना तुळईची जरुरी नव्हती, असे वास्तुशास्त्र सांगेल. पण पिढ्यानपिढ्या तुळईवर भार तोलणाऱ्या कारागिराचा नुसत्या कमानीवर विश्वास बसत नसावा. मला ही तुळई साऱ्या किल्ल्यातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

आता त्या शापाच्या कथेकडे वळू. कथेनुसार, सुलतान तुघलकाबाद बांधत असताना निजामुद्दीन अवलिया आपल्या वस्तीत, घियासपुरात, एक बावडी खोदून घेत होते. सुलतानाने सर्व मजुरांनी किल्ल्यावरच काम करावे असा हुकूम सोडला. मजूर दिवसा किल्ल्यावर राबत आणि रात्री दिव्यांच्या उजेडात बावडी खोदत. हे कळताच सुलतानाने तेलाची विक्री बंद केली. तेव्हा संतांच्या शिष्याने बावडीच्या पाण्यानेच दिवे पेटवले आणि काम पुढे चालू ठेवले. यानंतर संतांनी शाप दिला. ती बावडी निजामुद्दीन दर्ग्याजवळ आजही पाहायला मिळते.

या कथेत चमत्कार आहे, भक्ती आहे, सत्तेचा माज आहे. सांगणारे त्यांवरच भर देतात. पण चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून पाहिले, तर हे भांडण मजुरांच्या हातांवरून झालेले आहे. चार वर्षांत साडेसहा किलोमीटरचा तट उभा करायचा, तर किती हात लागले असतील! दिवसभर चिरे वाहून थकलेली माणसे रात्री पुन्हा कुदळ घेऊन खड्ड्यात उतरत. ती झोपत केव्हा? संतांविषयीच्या श्रद्धेने ती बावडीवर जात, हे मान्य केले तरी हा प्रश्न उरतोच. कथेत सुलतानाला नाव आहे, संतांना नाव आहे, दिवा पेटवणाऱ्या शिष्यालाही नाव आहे. फक्त मजूर निनावी आहेत. आपल्याकडे रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे, हा अपवाद. आणि तो तर बांधकामाचा प्रमुख होता. त्याच्या हाताखालच्या बेलदारांची नावे तेथेही नाहीत.

शापाच्या जोडीला भविष्यवाणी आहे. बंगालच्या स्वारीवरून परत येणाऱ्या सुलतानाने संतांना दिल्ली सोडून जाण्यास फर्मावले. तेव्हा संत म्हणाले, ‘दिल्ली अजून दूर आहे.’ सुलतान खरोखरच राजधानीत पोहोचला नाही. १३२५ मध्ये अफगाणपूर येथे त्याच्या स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळून तो मरण पावला. इतिहासकार बरनी याने आकाशातून कोसळलेल्या आपत्तीचा उल्लेख केला आहे, तर इब्न बतूता महंमद तुघलकावर संशय घेतो. काही आठवड्यांतच निजामुद्दीन अवलियाही निवर्तले. अशी जुळून आलेली वचने बहुधा घटना घडून गेल्यावर लोकांच्या मनात आकार घेतात. लोककथा म्हणून त्यांचे मोल मोठे आहे, पण त्यांवरून किल्ला ओसाड का पडला हे ठरवणे योग्य नाही.

मग तो ओसाड का पडला? याचा विचार करताना मला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण होते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. अमात्यांचे सांगणे स्पष्ट आहे : किल्ला बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर बांधणे भागच असेल, तर आधी खडक फोडून तळी, टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. ज्यांचे आयुष्य किल्ल्यांवर गेले, अशा माणसाचा हा अनुभव आहे. सह्याद्रीतील गड पाहताना तो पावलोपावली पटतो. रायगडावरील गंगासागर, राजगडावरील पद्मावती तळे, सिंहगडावरील देवटाके यांच्याशिवाय ते गड म्हणजे नुसते उंच दगड ठरले असते.

तुघलकाबाद बांधणाऱ्यांनाही हे कळत होते. म्हणूनच ‘तेथे पाणीच नव्हते’ हे नेहमीचे विधानही मला अर्धवट वाटते. किल्ल्यात खडकात खोल खोदलेली बावडी आहे, पावसाचे पाणी साठवणारे मोठे हौद आहेत. तटाच्या दक्षिणेस तर एक विस्तीर्ण तलावच तयार केलेला होता. टेकड्यांवरून वाहून येणारे पावसाळी पाणी बांध घालून अडवलेले होते. सुलतानाची कबर या तलावाच्या मध्यभागी होती. किल्ल्यातून कबरीपर्यंत जाण्यासाठी सत्तावीस कमानींचा, सुमारे सव्वादोनशे मीटर लांबीचा सेतू बांधला होता. हा तलाव शोभेसाठी होता, तसाच दक्षिणेकडून येणाऱ्या शत्रूला रोखणारा खंदकही होता.

परंतु हे सारे पाणी पावसाचे होते. यमुना येथून कित्येक किलोमीटर पूर्वेला वाहते. दिल्लीत वर्षाचा बहुतेक पाऊस तीन महिन्यांत पडून जातो. त्या तीन महिन्यांचे पाणी पुढचे नऊ महिने पुरवायचे, तर दरवर्षी बांध दुरुस्त केले पाहिजेत, हौदांतील गाळ काढला पाहिजे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या पाहिजेत. आपल्याकडे ज्या गावांनी पाझर तलाव बांधले आणि नंतर त्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्या गावांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अशा पाण्याला माणसे लागतात, आणि माणसांना तेथे ठेवणारी सत्ता लागते.

ती सत्ताच तेथून उठून गेली. महंमद तुघलकाने किल्ल्याच्या आग्नेयेस आदिलाबाद नावाचा लहान किल्ला बांधला, पण त्याचे लक्ष तेथेही टिकले नाही. जुनी दिल्ली आणि सीरी यांना जोडणारा तट बांधून त्याने जहाँपनाह हे नगर वसवले. चारही नगरे एकाच तटात घेण्याचा त्याचा विचार होता. खर्च पाहून तो सोडून दिला, असे इब्न बतूता लिहितो. त्या तटाबाहेर राहिले ते तुघलकाबाद. १३२७ मध्ये तर राजधानीच दख्खनमध्ये, देवगिरीला हलवण्याचा हुकूम निघाला आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. दिल्लीकरांनी त्या प्रवासात सोसलेले हाल प्रसिद्धच आहेत.

देवगिरी पाहून सुलतानाला भुरळ पडली असेल तर त्यात नवल नाही. सुमारे दोनशे मीटर उंचीचा सुळक्यासारखा डोंगर. खालचा भाग तासून उभा कडा केलेला, भोवती कातळात खोदलेला खंदक आणि वर जाण्यास एकच वाट, तीही डोंगराच्या पोटातल्या अंधारीतून. बांधकामाच्या दृष्टीने तुघलकाबाद त्याच्या जवळपासही येत नाही. तेथील हत्ती हौदासारखे जलाशय पाहिले की यादवांच्या काळापासून त्या डोंगराभोवती पाण्याची किती काळजी घेतली गेली, हेही लक्षात येते. तरीही ती राजधानी टिकली नाही. काही वर्षांतच दरबार दिल्लीला परतला. पण तुघलकाबादला मात्र परतला नाही. १३५४ मध्ये फिरोजशाह तुघलकाने नवे नगर वसवले ते यमुनेच्या काठी. पुढे हुमायूनचे दीनपनाह आणि शाहजहानचे शाहजहानाबादही नदीकाठीच उभे राहिले. राज्यकर्त्यांनी टेकडी सोडून नदी धरली. माझ्या मते त्या शापाचे हेच खरे उत्तर आहे. दरबार गेला, बांधांची देखभाल थांबली, तलाव आटला. आज त्या तलावाच्या तळावरून मेहरौली-बदरपूर रस्ता जातो आणि सेतूला मधोमध छेदतो.

आणि गुज्जर? किल्ल्याच्या तटाच्या आत तुघलकाबाद गाव आहे; तेथे गुज्जर समाजाची वस्ती आहे. शाप कसा खरा ठरला ते सांगताना वाटाडे या गावाकडे बोट दाखवतात. यात एका समाजाचा अपमान आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. ज्यांनी सोडून दिलेल्या माळावर गुरे चारली, शेते पिकवली आणि शतकानुशतके हे ठिकाण जिवंत ठेवले, त्यांच्या राहण्यालाच उजाडपणाची खूण समजायचे, हा कोणता न्याय?

राहण्याचा हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. २०२३ च्या एप्रिल व मे महिन्यांत न्यायालयाच्या आदेशावरून किल्ल्याच्या संरक्षित हद्दीतील शेकडो घरे पाडण्यात आली. तेथे राहणारे बहुतेक लोक हातावर पोट असणारे होते : बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, दूरच्या राज्यांतून दिल्लीला आलेली कुटुंबे. अनेकांनी पैसे मोजून जागा घेतली होती; अनेकांकडे मतदार ओळखपत्रे आणि वीजजोडण्या होत्या. कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. वास्तू जपायच्या तर असा कायदा हवाच. तो नसता तर हा तटही चिऱ्याचिऱ्याने नाहीसा झाला असता.

पण पहिली भिंत उभी राहत होती तेव्हा हा कायदा कोठे होता? जागा विकणारे पैसे घेऊन निघून गेले. शिक्षा झाली ती विकत घेणाऱ्याला. पहिल्याच खोलीच्या वेळी हद्दीचे खांब रोवले असते, गावात सूचना लावली असती, तर शेकडो संसार उन्हात पडले नसते आणि किल्लाही अधिक सुरक्षित राहिला असता. वारसा आणि वस्ती यांत वैर आहे असे समजणे मला मान्य नाही. जिंजीसह बारा मराठा किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांच्या पायथ्यालगतही गावे आहेत, आणि गडांची निगा राखायची तर त्या गावांचा हात लागणारच. तुघलकाबाद गावातील तरुणांनाच किल्ल्याचे वाटाडे म्हणून शिकवले, हौदांतील गाळ काढण्याचे काम तेथल्याच हातांना दिले, तर ते काम अधिक चांगले होईल असे मला वाटते.

किल्ला पाहण्यास जाणाऱ्याने शक्य तर पावसाळ्याच्या अखेरीस जावे. त्या वेळी टेकडी हिरवी असते आणि पाणी कोणत्या वाटेने उतरते ते डोळ्यांना दिसते. आधी कबर पाहावी, मग रस्ता ओलांडून दरवाजातून आत शिरावे आणि बावडीच्या काठी जाऊन खाली पाहावे. कठडा सर्वत्र नाही, म्हणून मुलांचा हात धरावा. खडकाच्या उभ्या बाजू किती खोल गेल्या आहेत आणि त्या कोणत्या हत्यारांनी खोदल्या असतील, याचा अंदाज तेथेच येतो. छिन्नी, घण आणि पहार यांपलीकडे त्या माणसांजवळ फारसे काही नव्हते.